पोळी सोडायच्या आधी रक्त तपासून घ्या

मागच्या अंकात हातापायाच्या मुंग्यांवर मी चारच ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा कॉलम पूर्ण त्यालाच देतेय. बहुतेक पत्रांत दोन वाक्यं सारखी होती, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत" आणि "ग्लुटेन सोडून बघू का", ग्लुटेन म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं चिकट प्रथिन. नावं काढून चार पत्रं घेतलीत.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर ताई, मी सांगलीची, वय ४१, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दीड वर्ष झालं दोन्ही तळपायांना मुंग्या येतात, कधी कधी मोजे घातल्यासारखं वाटतं आणि बघते तर पाय उघडे. सकाळी तोंड धुताना डोळ्यांवर पाणी मारलं की तोल जातो म्हणून एक हात बेसिनलाच धरून ठेवते. फळ्यावर लिहिताना मधेच शब्द जातो, मुलं म्हणतात बाई हे मगाशीच लिहिलंत. एमआरआय, शुगर, थायरॉइड सगळं नॉर्मल. बी-ट्वेल्व्ह १८५ होतं, थोडं कमी आहे म्हणून पंधरा दिवस गोळ्या दिल्या, नंतर परत बघितलं नाही. आम्ही पूर्ण शाकाहारी. एका डॉक्टरांनी टेन्शन आहे म्हणून झोपेची गोळी दिली. पुण्याची नणंद म्हणाली ग्लुटेन सोड, म्हणून तीन आठवडे पोळी बंद करून भाकरी आणि भातच खातेय. पोट बरं आहे, डोकं जरा हलकं वाटतं, मुंग्या आहेत तशाच. सासूबाई म्हणतात सात पिढ्या गव्हाची पोळी खाल्ली, कोणाला काही झालं नाही, ही नवीन थेरं. मला खरंच ग्लुटेनचा त्रास असेल का आणि पोळी कायमची सोडू का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ग्लुटेनचं नाहीये, बेसिनचं आहे. डोळे उघडे असताना आपण जमिनीकडे, भिंतीकडे बघून तोल सांभाळत असतो आणि ते आपल्याला कळतही नाही, पण डोळे मिटले की पाय कुठे आहेत ही बातमी फक्त तळपायाच्या नसा आणि मणक्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूला जाते, ती वाट बिघडली असेल तर माणूस तोंड धुताना किंवा अंधारात हेलपाटतो. हे टेन्शनचं लक्षण म्हणून सोडून द्यायचं नसतं. तुमच्या डॉक्टरांनी घोट्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क लावून कंप जाणवतो का ते बघितलंय का? पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलंय का? पाच मिनिटांची तपासणी आहे, एमआरआयच्या खर्चापुढे काहीच नाही, आणि तरी गर्दीच्या ओपीडीत तीच राहून जाते. मी स्वतःही प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका बाईंना "विश्रांती घ्या" सांगून परत पाठवलं होतं, आठ महिन्यांनी त्या काठी घेऊन आल्या. तेव्हापासून माझा ट्यूनिंग फोर्क टेबलावर असतो, ड्रॉवरमध्ये नाही.

आता ते १८५. बहुतेक लॅबमध्ये २०० च्या खाली कमीच धरतात आणि २०० ते ३०० मध्येही लक्षणं असतील तर रक्तातलं होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड बघतात (बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की ही वाढतात), म्हणजे लक्षणं असलेल्या शाकाहारी बाईचं १८५ हे "थोडं कमी" नाहीच. आणि नसांवर, मज्जारज्जूवर परिणाम झालाय अशी शंका असेल तर पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी भागत नाही, इंजेक्शनचा नीट कोर्स लागतो आणि पुढे बराच काळ डोस चालू ठेवावा लागतो. तुमच्या मुंग्या, तोल, विसरणं हे सगळं एकट्या बी-ट्वेल्व्हनेही होऊ शकतं. हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी होऊ शकतं, त्यामुळे "रक्त भरपूर आहे की" हे ऐकून गप्प बसू नका. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा, नसांच्या बाबतीत उशीर महाग पडतो, सुरुवातीचं नुकसान भरून येतं आणि जुनं झालेलं पूर्ण भरून येईलच असं नसतं.

मग ग्लुटेनचं काय? असू शकतं, आणि दोन वाटांनी. सिलिॲक नावाचा आजार आहे, त्यात गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं परदेशी धान्य) या धान्यातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते, आतड्याची शोषून घेणारी मऊ लव झिजते, आणि मग लोह, फोलेट, बी-ट्वेल्व्ह, कधी कधी तांबं अंगी लागत नाही. म्हणजे बी-ट्वेल्व्ह कमी का झालं याचं उत्तर तिथेही असू शकतं. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊनही हिमोग्लोबिन वर येत नसेल तर हा धागा आणखी घट्ट होतो, तुमचं तसं आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये. दुसरी वाट थेट मेंदूची. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे न्यूरॉलॉजिस्ट मारिओस हाजीवासिलिऊ यांनी १९९६ मध्ये कारण न सापडलेल्या ५३ न्यूरो पेशंटचं रक्त तपासलं तर ५७ टक्के लोकांत ग्लुटेनविरोधी अँटिबॉडी निघाल्या, ठणठणीत लोकांत हेच प्रमाण १२ टक्के होतं. पुढे यातूनच ग्लुटेन अटॅक्सिया हे नाव आलं, यात तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूवर मारा होतो आणि बऱ्याच जणांना पोटाचा काही त्रासच नसतो. पण तो १२ टक्क्यांचा आकडाही लक्षात ठेवा, म्हणजे ती एक अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणून निदान झालं असं होत नाही, आणि या विषयावर न्यूरॉलॉजिस्ट लोकांत आजही पूर्ण एकमत नाहीये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे ताई, आणि ते मी प्रत्येक पत्राला लिहिणार आहे, की आधी तपासणी आणि मग पोळी बंद. तुम्ही उलटं केलंत, त्यात तुमची चूक नाही, कोणी सांगितलंच नाही. सिलिॲकची टेस्ट म्हणजे रक्तातली टीटीजी आयजीए ही अँटिबॉडी आणि तिच्याबरोबर टोटल आयजीए (या जातीच्या सगळ्या अँटिबॉडी मिळून), ही दुसरी सोडू नका कारण काही लोकांत आयजीए मुळातच कमी असतं आणि मग पहिली टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. या टेस्ट गहू खात असतानाच करायच्या असतात, गहू सोडला की अँटिबॉडी हळूहळू उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि चोर घरातून गेल्यावर पोलीस आल्यासारखं होतं. तीन आठवडे म्हणजे अजून फार उशीर झालेला नाही. तुम्ही उद्याच रक्त द्या. पॉझिटिव्ह आलं तर पोटाच्या डॉक्टरांकडे एंडोस्कोपी होईल, आतड्याचे चार-पाच बारीक तुकडे तपासतील. निगेटिव्ह आलं तर मात्र त्यावर शिक्का मारू नका, डॉक्टरांशी बोलून रोज दोन पोळ्या साधारण सहा आठवडे परत खाऊन पुन्हा तपासा. त्या काळात तोल जाणं वाढलं तर थांबून लगेच कळवायचं. गहू परत खाणं अगदीच झेपत नसेल तर एचएलए डीक्यू-टू आणि डीक्यू-एट ही जीन टेस्ट आहे, ती काहीही खात असलात तरी चालते. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळपास नाहीच, असतील तर मात्र काही सिद्ध होत नाही कारण ती जीन लाखो ठणठणीत लोकांतही असतात.

डोकं हलकं वाटतं, पोट बरं आहे, हे मी मानते. पण गहू बंद केला की बिस्किट, खारी, पाव, मैदा सगळंच बंद होतं, त्यामुळे बरं वाटण्याचं श्रेय ग्लुटेनलाच द्यायची घाई नको.

आणि सासूबाईंना रागाने नाही, जवळ बसून सांगा. हे नवीन थेर नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खायला लागले, आणि विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना दिसलं की बाकी पोरं उपाशी वाळतायत पण सिलिॲकची पोरं मात्र सुधारतायत, पाव परत आला तशी ती परत आजारी पडली. गव्हावरचा संशय तिथे बळावला आणि पुढच्या अभ्यासात पक्का झाला. आपल्याकडे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या मोठ्या अभ्यासात उत्तरेत १.२३ टक्के प्रौढांना सिलिॲक निघाला आणि दक्षिणेत ०.१० टक्के, जीन दोन्हीकडे साधारण सारखीच होती पण ताटातला गहू सारखा नव्हता. सात पिढ्यांचंच म्हणाल तर सांगली-सोलापूरकडच्या जुन्या पिढ्यांनी रोजच्याला ज्वारीची भाकरी खाल्ली, पोळी सणाला आणि पाहुणा आला की. हे सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, त्यांनाच विचारा.

प्रश्न: मॅडम, छत्रपती संभाजीनगरहून लिहितोय. बायकोला, वय ३६, सिलिॲक आणि त्यामुळे तोल जाण्याचा त्रास असं पक्कं निदान झालं, बायोप्सी पण झाली. आठ महिने झाले गहू पूर्ण बंद, ज्वारी, बाजरी, तांदूळच खाते. टीटीजी खूप होतं ते निम्म्यावर आलं पण नॉर्मल नाही, आणि जिना उतरताना अजून कठडा लागतोच. आम्ही अजून काय करायचं? पीठ गिरणीतूनच आणतो.

उत्तर: दादा, शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत पण उत्तर त्यातच आहे. एकदा गिरणीत पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. तुमच्या आधीच्या माणसाचे दहा किलो गहू पडतात, ते संपत आले की गिरणीवाला वरच्या खोक्याला दोन थापा मारतो, तोंडाला बांधलेलं कापड झटकतो आणि त्याच तोंडाखाली तुमचा डबा लावून ज्वारी ओततो. दगडाच्या टाक्यांत, कापडात, खालच्या पत्र्यावर जे गव्हाचं पीठ राहिलेलं असतं ते सगळं तुमच्या पहिल्या पिठात. ग्लुटेन-फ्री लेबल लावायला आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमात किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, २० मिलिग्रॅम म्हणजे पिठाची चिमूट पण नाही, आणि इथे मूठभर येतंय. वहिनींनी गव्हाचा घास न खाता रोज गहू खाल्लाय.

जमत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालायचा नाही, पाहुण्यांसाठी पण नाही. खर्च मोठा आहे हे कळतंय, पण वर्षभराच्या औषधांच्या आणि टेस्टच्या खर्चाशेजारी ठेवून बघा. ते शक्य नसेल तर फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी शोधा. "सकाळी पहिलं दळण माझं" एवढ्याने भागत नाही, रात्रीचा गहू दगडात असतोच. ज्वारी घेताना पसरून निवडा, त्यात गव्हाचे दाणे सापडतात, मग धुऊन वाळवून दळा.

घरात बाकीचे पोळी खात असतील तर परात, पोळपाट-लाटणं, चाळणी वेगळी, आणि कणीक मळायची वेळही वेगळी ठेवा कारण पीठ उडतं आणि शेजारच्या भाकरीवर बसतं. मग हिंग. डबीतला बांधणी हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, फोडणी रोजची आहे, त्यामुळे डबीवरची बारीक अक्षरं वाचा. थालीपीठाच्या भाजणीत गहू असतो, विकतच्या सोया सॉसमध्ये असतो, मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींमध्ये जव नाहीतर गहू असतो. मुलाने बिस्किट बुडवलेला चहा आईने प्यायला, देवळातला शिरा प्रसाद म्हणून चमचाभर घेतला, हॉटेलात समोसे तळलेल्या तेलातला साबुदाणा वडा उपवासाला खाल्ला, असं सगळं वहीत लिहून काढा. प्रसादाला नाही म्हणणं जड जातं मला माहितीये, हातात घेऊन कपाळाला लावायचा आणि घरच्यांना द्यायचा, देव रागावत नाही.

टीटीजी निम्म्यावर आलंय म्हणजे दिशा बरोबर आहे, पूर्ण उतरायला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागू शकतं. नसांचं आणि तोलाचं त्याहून सावकाश. आतड्याची लव नव्याने येते, लहान मेंदूतल्या गेलेल्या पेशी येत नाहीत, म्हणून उरलेल्यांना शिकवायला फिजिओथेरपिस्टकडे तोलाचे व्यायाम आत्तापासून सुरू करा, टीटीजी नॉर्मल व्हायची वाट बघू नका. बी-ट्वेल्व्ह, लोह, व्हिटॅमिन डी आणि तांबं यांची पातळी एकदा बघून घ्या. आणि तुम्ही पत्रात "आम्ही काय करायचं" असं लिहिलंत, "तिने काय करायचं" असं नाही, ते वाचून खूप बरं वाटलं.

प्रश्न: डॉक्टर, मी पुण्यात आयटीत आहे, वय २७. दुपारी डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं, पोट फुगतं. सिलिॲक टेस्ट गहू खात असतानाच केली, निगेटिव्ह. खपली गहू ग्लुटेन-फ्री असतो म्हणून तो चालू केलाय, बरोबर आहे ना?

उत्तर: नाही. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. चवीला छान, खिरीला त्याच्यासारखा गहू नाही, पण सिलिॲकच्या माणसाला तो साध्या गव्हाइतकाच वर्ज्य. तुमची टेस्ट निगेटिव्ह आहे म्हणजे तुम्ही खाऊ शकता, फक्त चुकीच्या कारणासाठी जास्त पैसे देऊ नका. नॉर्वेत ओस्लोला ५९ लोकांवर एक प्रयोग झाला, २०१८ मध्ये छापून आला, हे सगळे स्वतःहून ग्लुटेन सोडलेले आणि सिलिॲक नसलेले. त्यांना न सांगता आठवडाभर ग्लुटेनच्या, आठवडाभर फ्रुक्टानच्या (हे ग्लुटेनसारखं प्रथिन नाही, पचायला जड असं कर्बोदक आहे) आणि आठवडाभर दोन्ही नसलेल्या वड्या दिल्या, तर जास्त त्रास फ्रुक्टानने झाला. फ्रुक्टान गव्हात असतं तसं कांदा-लसणातही असतं, त्यामुळे दोन आठवडे कच्चा कांदा कमी करून बघा. आणि दुपारचं धुकं कधी येतं ते जेवणाच्या आणि झोपेच्या वेळेबरोबर लिहून ठेवा, रात्री दोनला झोपणाऱ्याचं धुकं गव्हात शोधून सापडणार नाही.

प्रश्न: आदरणीय डॉक्टर ताई, मी कराडचा, वय ६१, एसटीतून रिटायर. तीन वर्षं तळपायांची रात्री आग होते, पिंडऱ्यांत बारीक फडफड होते, पायाचे अंगठे बधिर. एमआरआय, नसांची एनसीव्ही टेस्ट, शुगर, बी-ट्वेल्व्ह, सिलिॲकची रक्ताची टेस्ट, एंडोस्कोपी सगळं झालं, काही निघालं नाही. सध्या एक नसांची कॅप्सूल, एक ताकदीची, आणि मुलाने मुंबईहून पाठवलेली मल्टिव्हिटॅमिन अशा तीन गोळ्या चालू आहेत. सगळे म्हणतात मनाचं आहे. गहू सोडू का? नाहीतर हे असंच घेऊन कसं जगायचं ते तरी सांगा.

उत्तर: काका, गहू सोडू नका. रक्त आणि आतडं दोन्ही स्वच्छ असताना या वयात ताटातून अजून एक गोष्ट काढायची गरज नाही.

पण त्या तीन गोळ्या आजच समोर घेऊन बसा, चष्मा लावा, आणि तिन्ही पट्ट्यांवर पायरिडॉक्सिन हा शब्द शोधा. हे बी-सिक्स. रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली, आणि आपल्याकडच्या काही पट्ट्यांत ३ असतं तर काहींत १००. जास्त बी-सिक्स महिनोन्महिने पोटात गेलं तर तळपायाच्या नसाच बिघडतात, बधिरपणा, आग, म्हणजे ज्याच्यासाठी गोळी घेतोय तेच ती करते. तिन्ही मिळून बेरीज करा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तशी गोळी थांबवा.

दुसरं, एनसीव्ही नॉर्मल म्हणजे नसा नॉर्मल असं नाही. ती टेस्ट जाड नसा मोजते. आग, चटके, गार-गरम कळणं हे बारीक नसांचं काम, त्या टेस्टला त्या दिसतच नाहीत, त्यासाठी त्वचेचा छोटा तुकडा काढून मोठ्या केंद्रात बघतात. न्यूरॉलॉजिस्टना विचारा की बारीक नसांचा विचार झालाय का. आगीवर रात्रीची औषधं आहेत, कारण सापडलं नाही तरी ती देता येतात, कारण नाही म्हणून दुखणं सोसत बसा असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि मनाचं. काही जणांना खरोखर असा आजार असतो की नस, मेंदू शाबूत पण त्यांचं काम चुकतं, त्याला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. ते नाटक नसतं, डॉक्टर ते तपासणीत चिन्हं बघून ठरवतात, रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून उरलेलं नाव चिकटवत नाहीत, आणि फिजिओथेरपीने त्यात फरक पडतो. तुमच्या पत्रावरून मला ते वाटत नाही, पण उद्या कोणी तसं म्हटलं तर अपमान समजू नका, कशावरून म्हणता एवढं विचारा.

जगायचं कसं विचारलंत. सगळे कागद तारखेने लावून एक फाइल करा आणि पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात दहा ओळी, कधी सुरू झालं, काय वाढलं, काय केल्याने कमी झालं. डॉक्टर बदलण्यापेक्षा एका डॉक्टरला धरून दर सहा महिन्यांनी परत तपासून घ्या, काही आजार दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तोंड दाखवतात. घरात अनवाणी चालू नका, रोज रात्री तळपाय हाताने आणि नजरेने तपासा, बधिर अंगठ्याला खिळा लागलेला कळत नाही. संडासच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवा. पण पाय काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत लुळे पडत वर चढायला लागले, गिळताना, श्वास घेताना त्रास झाला, लघवीवरचा ताबा गेला, तोंड वाकडं झालं तर फाइल शोधत बसायचं नाही, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रोड भागात जीबीएसचे (गियान-बारे सिंड्रोम, यात प्रतिकारशक्ती नसांवर उलटते आणि पाय झपाट्याने लुळे पडतात) पेशंट निघाले तेव्हा अनेकांची सुरुवात पायाच्या मुंग्यांनीच झाली होती. तुमचं तीन वर्षांचं सावकाश दुखणं त्यातलं नाही, हे फक्त घरच्यांना माहीत असावं म्हणून लिहिलं.

तिन्ही पट्ट्यांची बेरीज किती आली ते मला एका पोस्टकार्डावर कळवा काका, मी वाट बघतेय.